खाणीतला गाळ

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे शेवटच्या वर्षातलं एक सत्र प्रत्यक्ष बांधकामावर काढायचं असतं, हे घरी समजावून सांगताना माझी बरीच तारांबळ उडाली. आमचं घर नांदगावच्या आतल्या अंगाला, काजूच्या बागेत. वडिलांना वाटलं मला नोकरी लागली. आईला वाटलं मला कॉलेजातून काढलं. मी कसलंतरी बांधकामाचं शिकते एवढं दोघांना माहीत होतं, पण शिकणं अर्ध्यावर ठेवून सहा महिने परक्या गावात राहायचं, हे त्यांच्या पचनी पडेना. 'मगे थंय जाऊन करतलंस काय?' असं आईने विचारलं. ते मलाही नीट माहीत नव्हतं. बघेन, असं मी म्हटलं.

कामाची जागा कुडाळहून वालावलकडे जाताना लागणाऱ्या एका गावात होती. गावाच्या डोक्यावर सडा आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ. उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो, पावसाळ्यात त्यावर बोटभर उंचीची फुलं येतात. या सड्यावर एक चिऱ्याची खाण होती. आमच्याकडे घरं बांधायला जांभ्याचे चिरे लागतात, ते अशाच खाणींतून कापून काढतात आणि चिरा संपला की खाण तशीच टाकून देतात. जिल्ह्यात अशा टाकलेल्या खाणी जागोजागी दिसतात. पावसात भरतात, त्यात कोणाची तरी म्हैस डुंबत असते, आणि लहान मुलांना तिकडे फिरकू नका म्हणून दम दिलेला असतो.

आमच्या सरांनी ही टाकलेली खाणच विकत घेतली होती. सर म्हणजे तिथले बिल्डर. ते कुडाळच्या बाजूचेच, पण बरीच वर्षं मुंबईत दुसऱ्यांच्या इमारती उभ्या करून परत आलेले. गावातले लोक त्यांना शेठ म्हणायचे, ते त्यांना आवडायचं नाही. मी सर म्हणायचे, तेही फारसं आवडत नसावं, पण माझ्या तोंडून दुसरं काही निघेना. त्यांचं म्हणणं असं की घरं बांधायला चांगली जमीन कशाला मोडायची, आधीच मोडलेली पुष्कळ आहे. खाणीच्या कडेने त्यांनी छोटी छोटी घरं काढली होती. भिंतींना खाणीतच पडून राहिलेले तुकड्याचे चिरे. छपराला पाडलेल्या जुन्या घरांची कौलं. काजूचं एक झाड वाटेत आलं म्हणून एका घराची पडवी वाकडी केली होती. बोअरवेल एकही नाही. सगळ्या छपरांचं पाणी पन्हाळीतून खाणीत आणून सोडलेलं.

खाणच मधोमध तळं होणार होती, आणि चिरे कापल्यामुळे तिच्या एका बाजूला आपोआप पायऱ्या पडल्या होत्या, त्या बसायला. ही सगळ्यांची सामाईक जागा. घरं घेणारे मुंबई-पुण्याचे, काही गोव्याचे. ते आणि गावातले लोक संध्याकाळी या पायऱ्यांवर एकत्र बसतील, अशी सरांची कल्पना होती.

आमच्या पुस्तकात हरित इमारतींवर एक धडा होता. सायकलींना जागा असेल तर इतके गुण, सौर दिवे असतील तर इतके. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, तुला इथे काय हरित दिसतं? मी घाबरून सौर दिव्यांकडे बोट दाखवलं. दुपारी त्यांनी मला एका घराच्या बाहेरच्या भिंतीला हात लावायला सांगितलं, मग आत जाऊन त्याच भिंतीला. बाहेर चटका बसत होता, आत गार. नंतर मी घरोघर जाऊन भिंतींना हात लावत बसले. कुठली भिंत उशिरा तापते, लांब वळचणीमुळे किती ऊन अडतं, हे बघायचा मला नादच लागला.

राहायची सोय सरांनी सड्याच्या पायथ्याशी, मायच्या घरी केली होती. माय ही ख्रिस्ती बाई, सत्तरीच्या पुढची, एकटी राहणारी. सगळा गाव तिला मायच म्हणायचा. तिचा मुलगा म्हापशाला एका हॉटेलाचं स्वयंपाकघर बघतो. घर चिऱ्याचं, लाल कोब्याच्या जमिनीचं, पुढे ओसरी, आत येशूचं छोटं देवघर. मागच्या खोलीत माझी खाट. माय मला नावाने कधी हाक मारायची नाही, चेडवा, म्हणजे मुली, म्हणायची.

आषाढात एके सकाळी मी खाटेवरून पाय खाली टाकला तो ओल्यात पडला. मला वाटलं तांब्या कलंडला. पुसून घेतलं. दुपारी पुन्हा तेच. वाकून पाहिलं तर कोब्याच्या बारीक भेगांमधून पाणी वर येत होतं, घाम फुटावा तसं, गुपचूप आणि सारखं.

स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं तर मायने मला चूप बसायची खूण केली. तिला आधीच कळलं होतं. चुलीच्या बाजूला, तांदळाच्या पिंपाखाली, देवघराच्या उंबऱ्याशी तिने गोणपाटं घालून ठेवली होती आणि ती पिळून पिळून पुन्हा घालत होती. कोणाला बोलली नव्हती, कारण बोललं की ते म्हापशाला पोचणार. मुलगा काही वर्षं मागे लागला होता की घराला कुलूप लाव आणि माझ्याकडे चल. ती दर वेळी एकच सांगायची, माझं घर बरं आहे, मला काही झालं नाही. आता घरच बरं नाही म्हटल्यावर तिच्याकडे बोलायला काय उरलं?

'तेका फोनवर काय सांगा नको हां,' ती मला म्हणाली.

मी नाही सांगितलं. पण चार दिवसांनी व्हिडिओ कॉलवर बोलताना तिच्या मागची गोणपाटं त्याला दिसली. मी ओसरीवर होते, मला त्याचा आवाज ऐकू येत होता. तो रागावला नव्हता, उलट फार हळू बोलत होता. पाऊस थांबला की, रोझरीच्या महिन्यात, मी गाडी घेऊन येतो, असं त्याने सांगितलं. हे घर आणखी एक पावसाळा काढणार नाही, म्हणाला. रोझरीचा महिना म्हणजे ऑक्टोबर. फोन ठेवल्यावर माय बराच वेळ गोणपाट पिळत राहिली.

त्या दिवशी मी सरांना सांगितलं. सांगावं की नाही असं मला झालं होतं, कारण पाणी वरून येत असेल तर ते आमच्याच कामाचं असणार. सर तसेच छत्री न घेता खाली आले. खोल्या फिरले, गुडघे टेकून जमिनीला हात लावला, आणि मग ओसरीवर अवघडून बसले. त्यांनी आधी जमीन नवी करून देतो म्हटलं. माय म्हणाली, वर फरशी घालशील, खाली पाणी तेच. मग ती थोडी हसली. काम सुरू करताना सड्यावर देवाला गाऱ्हाणं घातलं होतं, गावातल्या मानकऱ्याने, नारळ ठेवून, सगळ्यांनी मिळून होय महाराजा म्हणत. आमच्याकडे कुठलंही काम त्याशिवाय सुरू होत नाही. त्या वेळी मायही एका बाजूला उभी होती.

'गाराण्यात पाणी व्हया म्हणून मागलास,' ती म्हणाली, 'पण खंय व्हया ता सांगूकच नाय तुम्ही.'

सरही हसले. मग तिने पुढे विचारलं ते साधंच होतं. खाण काही आज खणलेली नव्हती. तिचा नवरा होता तेव्हापासून ती दर पावसात भरत आलेली. इतकी वर्षं घर कोरडं राहिलं, मग याच वर्षी काय झालं?



मला वाटलं छपरांचं पाणी. या वर्षी ते नव्याने खाणीत येत होतं. मी सगळ्या छपरांची मापं घेतली, हिशेब मांडला, दोनदा मांडला. छपरं छोटी, सडा अफाट. सड्यावरून खाणीत वाहून येणाऱ्या पाण्यापुढे छपरांचं पाणी म्हणजे काहीच नव्हतं. शिवाय ते छपरावर पडलं नसतं तर खाली दगडावर पडून तिथेच आलं असतं. सरांनी कागद बघितला आणि म्हणाले, बरोबर आहे, पण मग काय?

मग मी पाणी बघायला लागले. खाणीच्या कापलेल्या बाजूवर चिऱ्यांचे थर स्पष्ट दिसतात. प्रत्येक थरावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली आणि रोज सकाळी जाऊन पाणी कुठल्या रेघेवर आहे ते बघू लागले. पाऊस चालू असेपर्यंत काही कळायचं नाही. श्रावणात उघडीप मिळाली तेव्हा कळलं. ऊन एवढं नव्हतं, वारा नव्हता, आणि तरी एका दिवसात पाणी एक अख्खा चिरा उतरलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक. त्याच दोन दिवसांत मायच्या घरातलं पाणी मात्र कमी झालं नाही. तिसऱ्या दिवशी खाणीत तळ दिसायला लागला, आणि तेव्हा कुठे खाली जमीन जराशी सुकली. खाण गळत होती आणि मायच्या घरात उतरत होती, यात आता शंका नव्हती. जांभा आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा असतो, पाणी त्यातून कुठूनही वाट काढतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण तो जांभा मागच्या वर्षीही तसाच असणार.

खाणीवर जाताना मला रोज म्हशीवाले काका भेटायचे. खाणीला फाटक लागल्यापासून त्यांचा सरांवर राग होता. तळं स्वच्छ राहावं म्हणून म्हशींना आत बंदी केली होती. ते माझ्याकडे बघून म्हशीलाच सांगायचे, 'थांब गो, मॅडमकडसून पास काढूक व्हयो तुझो.' मी ओशाळून हसायचे. एकदा मी त्यांना विचारलं, आधी खाणीत पाणी किती दिवस टिकायचं? शिमग्यापर्यंत म्हशी बसत असत, असं ते म्हणाले. मग म्हणाले, तेव्हा फाटक नव्हतं. त्यांच्या लेखी पाणी आटायचं कारणसुद्धा फाटकच. मला तेव्हा ते नुसतं टोमण्यासारखं वाटलं.

खरी गोष्ट मला मायच्या परसात दिसली. माय सकाळपासून आणखी एका कारणाने करवादली होती. तिची मिरची कुजली होती. लाल माठाचा नुसता चोथा झाला होता. एका कोपऱ्यातलं अळू तेवढं माजलं होतं, त्याला काय, ते पाण्यातच सुख मानतं. मी भाजी काढायला गेले तर वाफ्यात पाणी साचलेलं. पाऊस दोन दिवसांपूर्वी थांबला होता. वाफ्याच्या बाहेर, हातभर अंतरावर जमीन कोरडी, आणि वाफ्यात परातीत ठेवावं तसं पाणी.

मी मायला विचारलं, ह्या वाफ्यात माती कुठली?

'तुमचीच,' ती म्हणाली. 'खाणीतली.'

मी तिथेच उकिडवी बसून राहिले. मी यायच्या आधी, वैशाखात, सरांनी खाण साफ करून घेतली होती. वर्षानुवर्षांचा गाळ जेसीबीने काढला. तळं खोल होईल, पाणी नितळ दिसेल, पायऱ्या खालपर्यंत मोकळ्या होतील. आणि गाळ वाया घालवला नाही. नव्या घरांच्या बागांत घातला, गावात ज्याला हवा त्याला दिला. चांगली सुपीक माती, सगळ्यांना आनंद झाला. मायने दोन टेम्पो उतरवून घेतले होते. घर कोरडं ठेवणारी माती तिने स्वतः मागून घेऊन मिरच्यांखाली घातली होती.

पण हे मनात आलं म्हणून लगेच खरं होत नाही. मी खाणीवरून दोन मोडके चिरे आणले. दोन्हींना वर वाटीसारखा खड्डा पाडला. एक तसाच ठेवला, दुसऱ्याला मायच्या वाफ्यातला चिखल आतून चोळून लिंपला. दोन्हींत पाणी ओतलं. पहिला मी हात पुसेपर्यंत रिकामा झाला आणि खालून ओघळू लागला. दुसऱ्यात पाणी तसंच, त्यात आभाळ दिसत होतं. संध्याकाळी माय रोझरीची प्रार्थना म्हणून बाहेर आली तेव्हाही होतं. तिने त्यात बोट बुडवून पाहिलं.

सरांना ते चिरे दाखवणं मला जड गेलं. साफसफाईच तर त्यांना सगळ्यात आवडली होती. घरं घेणाऱ्यांना त्याचे फोटो पाठवले होते. त्यांनी दोन्ही चिऱ्यांत पुन्हा स्वतः पाणी ओतलं. मग बांधावर बसले आणि म्हणाले,

'चिखलणी गं. आपण लावणीच्या आधी शेतात काय करतो?'

खरंच की. भाताच्या खाचरात पाणी उभं राहावं म्हणून आधी चिखल करतात, नांगर फिरवून, तुडवून. तुडवलेला चिखल पाणी खाली सोडत नाही. हे मी लहानपणापासून पोटरीभर चिखलात उभी राहून केलेलं. सरांनीही केलेलं. पण ते आम्हाला शेतातलं म्हणून माहीत होतं. खाण ही बांधकामातली गोष्ट, तिथे आम्ही दुसऱ्याच डोक्याने बघत होतो. मला याचं अजूनही आश्चर्य वाटतं, की एकाच माणसाला एक गोष्ट माहीतही असते आणि नसतेही.

आणि मग म्हशीवाल्या काकांचं फाटक आठवलं. गाळ काही आपला आपण घट्ट बसला नव्हता. इतकी वर्षं गावच्या म्हशी त्यात लोळत, तो तुडवत आल्या होत्या.

सरांनी आधी एका ओळखीच्या इंजिनिअरला फोन केला. त्यांनी तळाला जाड प्लास्टिकचा कागद अंथरायला सांगितलं, एका आठवड्यात काम होईल, चिंता मिटेल. ते चुकीचं नव्हतं. तसं सगळीकडे करतात, शेततळ्यांना करतातच. सर दोन दिवस विचारात होते. कागद घातला तर म्हशीच काय, माणसालाही आत पाय टाकता येणार नाही. तळं बघायचं, लांबून. नाहीतर काढलेला गाळच परत आणून तुडवायचा. मायला मात्र कागद की गाळ याच्याशी कर्तव्य नव्हतं. तिने सरांना एवढंच विचारलं की यातलं रोझरीच्या आधी कुठलं होईल.

प्लास्टिक पाऊस पूर्ण संपल्याशिवाय घालता येणार नव्हतं. गाळ उघडिपीत घालता येईल, निदान प्रयत्न करता येईल. म्हणून गाळ ठरला.

गणपतीनंतर उघडीप मिळाली. खाण गळकी होती त्यामुळे आपणच रिकामी झाली, तेवढी एक सोय. गाळ परत मागायला मी आणि सर गावात फिरलो. दिलेली वस्तू परत मागायला आमच्याकडे फार लाज वाटते. मी प्रत्येक घरी आधी दुसरंच काहीतरी बोलायचे. लोक हसले, पण बहुतेकांच्या वाफ्यांतही पाणीच साचलं होतं. माय म्हणाली, मिरचीचा वाफा खुशाल न्या, अळूला कोणी हात लावायचा नाही. अळू तसंच राहिलं.

गणपतीला आलेले चाकरमानी अजून गावात होते. चिखल पसरल्यावर तो तुडवायला तेही उतरले, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून. एक जण म्हणाला, मुंबईत आमच्या सोसायटीतही कम्युनिटी स्पेस आहे, पण तिथे चपला बाहेर काढायला लावतात. मी आत उतरले तेव्हा कितीतरी वर्षांनी बोटांमधून चिखल वर आला. त्या पायऱ्यांवर गावातली माणसं पहिल्यांदाच बसलेली मी पाहिली, पाय धुवायला. सरांनी ज्यासाठी पायऱ्या ठेवल्या होत्या तसं ते नव्हतं, पण माणसं होती.

हस्ताचा पाऊस आला आणि खाण भरली. उघडिपीत मी रेघा बघितल्या. पाणी उतरत होतं, आधीच्या निम्म्याने. निम्मं म्हणजे मायच्या घरात अजून ओल. आमच्या पायांनी तेवढंच जमलं होतं.

म्हशींसाठी फाटक उघडायचं म्हटल्यावर घरं घेणाऱ्यांच्या ग्रुपवर चर्चा सुरू झाली. ती मी पाहिली नाही, सरांनी सांगितली. एकाने लिहिलं, आम्हाला निसर्ग हवा आहे पण शेण नको. त्यावर दुसऱ्या कोणी, बहुधा चेष्टेने, विचारलं की म्हशी कुठल्या वेळेत असतील. एक पुण्याच्या बाई म्हणाल्या की माझ्या आजोळी असंच होतं, येऊ द्या. एका कुटुंबाने घर सोडलं. सरांना ते लागलं. त्यांनी सगळ्यांना एवढंच कळवलं की या पाण्याखाली एका बाईचं घर आहे, आणि दुपारी म्हशी येतील. मग स्वतः जाऊन फाटक बिजागऱ्यांसकट काढून ठेवलं. म्हशीवाल्या काकांनी आभार वगैरे मानले नाहीत. 'आता वळण मोडलां तेंचां,' एवढं म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून म्हशी बरोबर दुपारी हजर. त्या बसतात, उठतात, कूस बदलतात, एकेक पाय उपसून पुन्हा रोवतात. मी पायरीवर बसून ते बघत राहायचे. यालाच मी प्रशिक्षण म्हणते हे आईला फोनवर सांगितल्यावर ती बराच वेळ हसली.

पाणी आता रेघांवरून सावकाश उतरू लागलं. त्यात म्हशींचं किती, चिखल आपणच बसत गेला त्याचं किती, आणि पाऊसच कमी झाला त्याचं किती, हे मला वेगळं काढता आलं नाही. अहवालात मी तसंच लिहिलं.

मुलगा आला तो ऑक्टोबरच्या मधल्या रविवारी, चर्चमधली मिस्सा झाल्यावर. बुटका, दमलेला, शांत माणूस. त्याने येताना टपावर दोऱ्या बांधलेली गाडी आणली होती आणि कोणी काही बोलायच्या आत मायची गादी, उशा, तिची लोखंडी पेटी त्यावर चढवून बांधली. माय त्याला अडवत नव्हती. ती चहा करत होती. मी सर घरी आहेत का बघायला जाणार होते, पण तिने मला बसवून घेतलं.

सामान बांधून झाल्यावर त्याने मायच्या खोलीची जमीन पाहिली. मग गुडघे टेकून पाहिली. गाडीतून वर्तमानपत्र आणलं, त्याची पानं सुटी करून जमिनीवर ठिकठिकाणी पसरली आणि चहा प्यायला ओसरीवर येऊन बसला. त्याने मला खाणीबद्दल विचारलं, मी सांगितलं, त्याला गाळाचं पटलं, म्हशींचं ऐकून तो हसला. माय कपात बघत होती. चहा झाला तरी तो उठेना. शेवटी आत गेला आणि एकेक पान उचलून उजेडाला धरलं. सगळी कोरडी होती. मागच्या भिंतीलगतचं एक तेवढं एका कडेला मऊ पडलं होतं.

ते पान घेऊन तो बाहेर आला. म्हणाला, एक काम कर, पावसात माझ्याकडे राहा, पाऊस गेला की मी स्वतः आणून सोडतो. हे वाईट नव्हतं. मला वाटलं ती हो म्हणेल.

'पावसातच तर घरात माणूस व्हयो,' माय म्हणाली. 'सुक्यात काय, कुलूप पण ऱ्हवता.'

तो गाडीकडे गेला. मला वाटलं रागावून निघाला. पण तो दोऱ्या सोडत होता. पेटी त्याने एकट्याने आत आणली, गादी आम्ही दोघांनी. खाट तो खोलीच्या मधोमध सरकवायला लागला तर मायने थांबवलं.

'थंय नको. आधी होती थंयच, भिंतीकडे.'

'माय, थंय ओल आसा अजून.'

'आसांदे. ती खंयपर्यंत येता ता माका कळाक व्हया.'

त्याने माझ्याकडे पाहिलं, जणू हे मीच तिला शिकवलं असावं. मी काही शिकवलं नव्हतं. मग त्याने खाट भिंतीला नेऊन लावली, आणि ओल होती त्या कडेला ते वर्तमानपत्राचं पान पुन्हा पसरून ठेवलं.